बर्लिनची फाइल, बेहरामपाड्याची फाइल
(सत्तेचा हिशेब : लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण पूर्व जर्मनीत थांबलो होतो. कम्युनिस्ट राजवट कोसळू लागली तसे ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्याचे अधिकारी कागद फाडायला बसले. १५ जानेवारी १९९० रोजी लोक बर्लिनच्या मुख्यालयात घुसले आणि उरलेलं दप्तर वाचलं. फाटक्या तुकड्यांची हजारो पोती निघाली, ती माणसं बसवून हातानं जुळवायला घेतली. जानेवारी १९९२ पासून तर ज्याच्यावर पाळत होती त्यालाच आपली फाइल उघडून वाचता येऊ लागली. तसा कायदाच झाला होता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपलं वांद्रे पेटलं.

स्थानकाच्या पूर्वेला उतरलं की रुळांना खेटून बेहरामपाडा लागतो. खोलीवर खोली, वर चढायला बाहेरून लोखंडी शिडी, आत शिलाई मशीनची घरघर. बाबरी मशीद पडल्यानंतरच्या डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या दंगलीत ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. काहींची तर ओळखही पटली नाही. बेहरामपाडा तेव्हा रोज वर्तमानपत्रात असायचा. मधुश्री दत्ता यांनी या वस्तीवर १९९३ मध्ये माहितीपट केला, तो वस्तीतल्या माणसांचं म्हणणं ऐकण्यासाठी.

आपल्याकडे राजवट कोसळली नव्हती, त्यामुळे बर्लिनशी तुलना पुरती जुळत नाही. पण मला वाटतं, आपली अडचण नेमकी तिथेच आहे. तिथे जुनं खातं बुडालं होतं, दप्तर दुसऱ्यांच्या ताब्यात आलं. इथे ज्या पोलिसांवर बोट होतं तेच पंचनामे लिहीत होते, आणि ज्या सरकारची चौकशी त्याच सरकारच्या टेबलावर अहवाल जाणार होता. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याची रचनाच तशी आहे. आयोगाला साक्षी काढता येतात, शिक्षा देता येत नाही आणि सरकारवर काही बांधून घालता येत नाही.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी तरी काम नेटानं केलं. २५ जानेवारी १९९३ ला दंगलीच्या चौकशीसाठी त्यांचा आयोग नेमला गेला, जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारनं तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा उभा केला. ५०२ साक्षीदार तपासून १६ फेब्रुवारी १९९८ रोजी अहवाल दिला. त्याचा दुसरा खंड एकेका पोलीस ठाण्याची हद्द घेऊन चालतो. बेहरामपाडा ज्याच्या हद्दीत येतो ते निर्मल नगर ठाणंही त्यात आहे. आपल्या गल्लीत काय घडलं ते सरकारी कागदावर वाचायला मिळणं, हे मोठंच होतं. ३१ पोलिसांवर ठपका होता, शिवसेनेच्या नेत्यांवरही होता. युती सरकारनं मुख्य निष्कर्ष फेटाळले. नंतर आलेल्या काँग्रेस आघाडीनं अंमलबजावणीचा शब्द दिला आणि पंधरा वर्षं सत्तेत राहूनही तो पाळला नाही. याचा मला जास्त राग येतो.

सलोख्याचं काम सरकारबाहेर अधिक झालं. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकारानं मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. सणाच्या मिरवणुकीआधी दोन्ही बाजूंची माणसं पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसू लागली. अफवा तिथल्या तिथे विझवायची ही रीत त्यांनी घालून दिली.

पण दंगलीत बेपत्ता झालेल्या माणसांचं काय? प्रेत नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून भरपाई अडते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हा १६८ बेपत्तांपैकी फक्त ६० जणांच्या वारसांना पैसे मिळाले होते. बाकी १०८ कुटुंबं सापडली नाहीत किंवा त्यांची कागदपत्रं पुरी झाली नाहीत, असं राज्याचं म्हणणं. झोपडी जळाली की पत्ताही जळतो, आणि घाबरून गावी गेलेली बाई तीस वर्षांनी कोणत्या दारावर टकटक करणार? न्यायालयानं या कुटुंबांना शोधायला समिती नेमायला सांगितली, दोन लाखांच्या भरपाईवर २२ जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याज द्यायला सांगितलं आणि सुप्त यादीत पडलेले दंगलीचे ९७ खटले पुन्हा हलवायला सांगितले. त्या खटल्यांतले आरोपीही तीस वर्षांनी म्हातारे झालेले, साक्षीदारही.