कर्करोगावरील डीएनए लस : बळ कोठून आणावे?

२० ऑगस्ट २०२१ रोजी अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीच्या ‘झायकोव्ह-डी’ या कोविडवरील लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली आणि माणसांसाठी मान्यता लाभलेली जगातील पहिली डीएनए लस भारतीय ठरली. तिचे कौतुक झाले ते योग्यच होते. तिच्या किमतीच्या फोडीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. केंद्र सरकारने एक कोटी मात्रांची मागणी नोंदविली, तेव्हा एका मात्रेची किंमत २६५ रुपये ठरली आणि ती सुईविना त्वचेत सोडणाऱ्या उपकरणासाठी मात्रेमागे ९३ रुपये वेगळे आकारण्यात आले. म्हणजे कर वगळता ३५८ रुपयांपैकी चौथा हिस्सा औषधाचा नव्हे, तर औषध आत ढकलण्याचा होता. कर्करोगावर अशाच लशी तयार करण्याचे जे प्रयत्न तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहेत, त्यांच्यापुढील पेच या ९३ रुपयांत नेमका दिसतो.

डीएनए लस म्हणजे प्लास्मिड नावाचे डीएनएचे एक लहानसे कडे. हव्या त्या प्रथिनाची कृती त्यात लिहिलेली असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जॉन वुल्फ व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये उंदरांच्या स्नायूत असे नुसते डीएनए टोचले, तेव्हा स्नायूंच्या पेशींनी ती कृती वाचून प्रथिन तयार केले. १९९३ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी याच मार्गाने उंदरांना फ्लूपासून संरक्षण दिले. प्लास्मिड साध्या जीवाणूंमध्ये मुबलक वाढविता येते आणि कडक थंडीची त्याला गरज नसते. निरुपद्रवी विषाणूवर स्वार करून पाठविलेल्या लशीची गोष्ट वेगळी. तेथे शरीर त्या वाहनाविरुद्धच प्रतिकार उभारते आणि दुसरी मात्रा वाया जाण्याचा संभव असतो. डीएनएची मात्रा पुनःपुन्हा देता येते. कर्करोगाच्या रुग्णासाठी हे महत्त्वाचे, कारण येथे ‘लस’ हा शब्द प्रतिबंधाच्या नव्हे, उपचाराच्या अर्थाने वापरलेला आहे. रोग आधीच झालेला असतो. शरीराच्या टी-पेशींना तो ओळखावयास शिकवावयाचे असते.

एवढे गुण असलेली ही लस माणसांत दुबळी ठरली. उंदराच्या चिमुकल्या स्नायूत टोचलेल्या द्रवाचा दाब डीएनएला पेशींत लोटतो, माणसाच्या दंडात तोच द्रव पसरून जातो, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. शिवाय डीएनएला पेशीत शिरून भागत नाही. केंद्रकापर्यंत पोहोचावे लागते. आणि कर्करोग हा शेवटी घरचाच शत्रू! त्याची बहुतेक प्रथिने शरीराच्या ओळखीची असल्याने प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर हात उगारीत नाही.

हे दुबळेपण घालविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग यंत्राचा. सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते त्वचेत मारणारी ‘जनुक-बंदूक’ १९९२ पासून लशीसाठी वापरून पाहण्यात आली. पुढे इलेक्ट्रोपोरेशन आले : टोचल्याजागी विजेची क्षणिक स्पंदने दिली की पेशींच्या आवरणास छिद्रे पडतात व डीएनए आत जाते. इनोव्हिओ या अमेरिकन कंपनीची ‘व्हीजीएक्स-३१००’ ही लस अशीच दिली जाई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व विकृती असलेल्या स्त्रियांवरील तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लस मिळालेल्यांपैकी ४९.५ टक्के स्त्रियांत विकृती मागे हटली. निष्क्रिय टोचणी मिळालेल्यांत हे प्रमाण ३०.६ टक्के होते. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, विकृती हटणे आणि विषाणू नाहीसा होणे अशी दुहेरी अट घातल्यावर, आकडे २३.७ व ११.३ टक्के असे आले. २०२३ मध्ये पुढील चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही आणि कंपनीने या विकृतीवरील लशीचे अमेरिकेतील काम थांबविले.

दुसरा मार्ग मजकुराचा, म्हणजे प्लास्मिडवर लिहिलेल्या कृतीतच सुधारणा करण्याचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील टी. सी. वू यांच्या गटाने मानवी पॅपिलोमा विषाणूच्या ई-७ या प्रथिनाच्या जनुकाला कॅलरेटिक्युलिन या पेशीतल्याच प्रथिनाचे जनुक जोडले. हे प्रथिन परक्या प्रथिनाचे तुकडे टी-पेशींसमोर मांडण्याच्या कामी मदत करते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांतील ई-७ विरोधी टी-पेशी लक्षणीय वाढल्या. कुत्र्यांच्या तोंडातील मेलानोमावरील लशीत वेगळी युक्ती आहे. तिच्यात कुत्र्याचे नव्हे, माणसाचे टायरोसिनेज जनुक असते. साम्य पुरेसे, पण परकेपणाही पुरेसा; त्यामुळे सहनशीलतेची सवय मोडते. या लशीला अमेरिकेत २०१० मध्ये पूर्ण परवाना मिळाला. तिच्या उपयुक्ततेविषयी पशुवैद्यांत एकमत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

दोन्ही मार्ग परस्परविरोधी नाहीत. व्हीजीएक्स-३१०० चा मजकूरही सुधारलेलाच होता. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांत मूलभूत फरक आहे. मजकूर सुधारण्याचा खर्च एकदाच होतो. पुढे सुधारलेले प्लास्मिड वाढविण्यास जुन्याइतकाच पैसा लागतो. यंत्राचा खर्च दर केंद्रागणिक व दर मात्रेगणिक होतो. तिसऱ्या मार्गाची, म्हणजे लशीच्या जोडीला महागडे प्रतिपिंड देण्याची, तऱ्हा तर आणखी निराळी. यकृताच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांना प्रत्येकासाठी स्वतंत्र घडविलेली डीएनए लस व पेम्ब्रोलिझुमॅब एकत्र दिल्यावर ३०.६ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेचा गट नसला तरी निष्कर्ष आशादायक आहे. परंतु ज्या औषधाच्या एकेका मात्रेस लाखाच्या घरात पैसे मोजावे लागत आले, त्याच्या जोडीने दिलेली लस स्वस्त असली काय आणि नसली काय!

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल व बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागाने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर जी पाहणी झाली, तिने २००९ मध्ये जगाला दाखवून दिले की विषाणूची एकच चाचणीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ मुलींसाठी आली. पण अशा प्रतिबंधक लशी शरीरात आधीच ठाण मांडून बसलेला विषाणू हटवीत नाहीत. त्या खेड्यांतील चाळिशीच्या बाईला उपयोगी पडेल ती उपचाराची लस, आणि तीही साध्या सिरिंजने आरोग्यसेविकेला देता येणारी. मजकूर सुधारलेल्या लशींच्या माणसांवरील चाचण्या आजवर थोड्या रुग्णांवर व प्राथमिक स्वरूपाच्याच झाल्या आहेत. मोठ्या चाचण्यांचा पैसा मुख्यतः यंत्र विकू शकणाऱ्या कंपन्यांनी घातला, यात त्यांचा दोष नाही. भांडवल परतावा शोधणारच. झायकोव्ह-डीच्या वेळी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सार्वजनिक पैसा घातला होता आणि प्लास्मिडचा कारखानाही देशात उभा राहिला. त्या विभागाने आता अनुदानाच्या अर्जात मात्रेच्या अंदाजित किमतीबरोबर ती देण्याच्या साधनाचा खर्चही स्वतंत्र रकान्यात मागावयास हवा.