पाना का घसरतो?

एका खेडेगावातल्या शाळेचा हापसा बंद पडला होता. बिघाड क्षुल्लक होता. आतला चामडी वॉशर झिजला होता आणि नवा वॉशर गुरुजींच्या टेबलावर तयार होता. पंपाचे डोके टाकीला आवळून धरणारे नट काढायला १९चा पाना हवा होता, मिळाला २०चा. "एकाने काय फरक पडतो?" असे म्हणून तोच लावला. तीन नट निघाले. चौथ्यावर पाना घसरला, लावणाऱ्याची बोटे सोलवटली आणि नटाचे कोपरे गेले. पुढच्या खेपेला पाना नटावर नुसताच फिरू लागला. तालुक्याहून छिन्नी घेऊन माणूस येईपर्यंत चार दिवस गेले. तोवर मुले घरून बाटलीत पाणी आणत होती.

एका मिलिमीटरने काय फरक पडतो, याचे उत्तर भूमितीत आहे आणि ते वर्गात पुठ्ठा-कात्रीने काढता येते. ते कळले, की दुकानात चांगला पाना कसा ओळखायचा हेही कळते.

पुठ्ठ्याचा नट

पान्यावरचा १९ हा आकडा बोल्टच्या जाडीचा नसतो. तो नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो. हापशाला १२ मि.मी. जाडीचे बोल्ट असतात आणि त्यांचे नट १९ मि.मी. रुंद असतात.

आता जाड पुठ्ठ्यावर ११ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा. कंपासमधले अंतर तेच ठेवून परिघावर सहा खुणा करा, त्या जोडा आणि षटकोन कापून घ्या. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले अंतर २२ सें.मी. भरेल, तर बाजूंमधले अंतर ११ × √३, म्हणजे १९.०५ सें.मी. हा झाला दहापट मोठा केलेला १९चा नट. टेबलावर दोन सरळ लाकडी पट्ट्या समांतर ठेवा. हा झाला पान्याचा जबडा.

पट्ट्यांमधले अंतर १९.१ सें.मी. ठेवले, तर नट जवळजवळ हलत नाही. २० सें.मी. ठेवले, की तो सुमारे साडेपाच अंश मोकळा फिरतो आणि मग समोरासमोरचे दोन कोपरे पट्ट्यांना अडतात. २१ सें.मी.ला तो सुमारे १३ अंश फिरतो. २२ सें.मी.ला मात्र तो कुठेच अडत नाही, गरगर फिरतो. त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हे कोन कोसाइनच्या साहाय्याने ताडून पाहावेत.

म्हणजे खऱ्या नटावर पान्याची सगळी पकड १९ आणि २२ यांमधल्या तीन मिलिमीटरांवर अवलंबून असते. एक मापाने मोठा पाना घेतला, तर त्यातला एक तृतीयांश भाग आपण सुरुवातीलाच गमावतो.

कोपऱ्यावर किती भार?

समजा, पाना २५ सें.मी. लांब आहे आणि त्याच्या टोकाला आपण २० किलो भाराने ओढतो. तरफेच्या नियमाप्रमाणे २० × २५ = ५००. दुसऱ्या टोकाला जबड्याच्या दोन बाजू नटाच्या दोन कोपऱ्यांवर परस्परविरुद्ध दिशांनी दाबतात. नीट बसलेल्या पान्यात या दोन दाबांमधले अंतर १.१ सें.मी. असते. ५०० ला १.१ ने भागले, की प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे ४५५ किलो भार येतो!

२०चा पाना लावला, की नट तिरका होतो आणि हे अंतर ०.९२ सें.मी. उरते. भार सुमारे ५४५ किलोंवर जातो. शिवाय घट्ट बसणाऱ्या पान्यात हा भार नटाच्या सपाट बाजूवर थोडा तरी पसरतो; सैल पान्यात तो कोपऱ्याच्या धारेवरच पडतो. धार चेपते, त्यामुळे नट आणखी तिरका होतो, त्यामुळे भार आणखी वाढतो. म्हणूनच पाना हळूहळू न घसरता एकदम घसरतो.

रिंग पाना नटाला सगळीकडून वेढतो. तिथे भार सहा कोपऱ्यांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १५० किलोच येतात. सॉकेटचे, म्हणजे गॅरेजमधल्या भाषेत 'गोटी'चे, तत्त्व हेच आहे. रिंग आणि गोटी आतून सहा कोनांची असते किंवा बारा कोनांची. बारा कोनांची दर ३० अंशांना नटावर बसते, म्हणून अडचणीच्या जागी सोयीची. पण गंजून बसलेल्या नटासाठी सहा कोनांची अधिक भरवशाची. उघड्या तोंडाचा पाना सैल झालेला नट भराभर काढायला वापरावा.

दुकानात काय पाहावे?

पहिले, खिशात एक नवा नट घेऊन जावे. तो पान्याच्या तोंडात सहज सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. तोंडाच्या टोकाशी आणि आत खोलवर असे दोन्हीकडे बसवून पाहावे. टोकाशी तो अधिक सैल वाटला, तर जबडा समांतर नाही.

दुसरे, पोलाद. वरच्या हिशेबातला साडेचारशे किलोंचा भार जबड्यावरही उलट दिशेने येतो. मऊ लोखंडाचा जबडा त्याने फाकतो आणि १९चा पाना थोड्याच दिवसांत साडेएकोणीसचा होतो. नुसता कठीण केलेला जबडा तडकतो. म्हणून चांगला पाना मिश्र पोलाद तापवून, ठोकून घडवतात. मग पुन्हा तापवून विझवतात आणि शेवटी बेताची उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा घालवतात. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद त्यासाठी पुष्कळ वापरले जाते. पान्यावर तसे लिहिलेले असते. परंतु लिहिणे कोणालाही जमते, तेव्हा बनवणाऱ्याचे नाव आणि माप स्पष्ट ठोकलेले आहे का, हेही पाहावे. चकाकीला भुलू नये. वरचा मुलामा गंजापासून संरक्षण देतो, ताकद नव्हे.

तिसरे, गोटी घेताना ती उजेडात धरून आत पाहावे. भोक मधोमध आणि भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. दांड्यावर चढवल्यावर ती आपोआप गळून पडू नये. रॅचेट दोन्ही दिशांना फिरवून दात सुटत नाहीत ना, ते तपासावे.

चौथे, चाळीस नगांच्या स्वस्त पेटीपेक्षा चार चांगले रिंग पाने बरे. ६, ८, १० आणि १२ मि.मी. जाडीच्या बोल्टना अनुक्रमे १०, १३, १७ आणि १९चे पाने लागतात. नव्या आंतरराष्ट्रीय मापांत १७च्या जागी १६ आणि १९च्या जागी १८ आले आहेत, तेव्हा आपले नट आधी मोजावेत. जुन्या यंत्रांवर इंची नट सापडतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी., तिथे १९चा चालून जातो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी.; तिथे १३चा लावणे म्हणजे कोपरे गमावण्याची तयारी.

मागे-पुढे सरकणाऱ्या जबड्याचा पाना अडीनडीलाच वापरावा, आणि तोही असा धरावा, की मुख्य जोर पक्क्या जबड्यावर येईल. पान्याच्या दांड्यात पाइप घालून लांबी दुप्पट केली, की कोपऱ्यांवरचा भारही दुप्पट होतो, हे आता वेगळे सांगायला नको.

गावोगावी दिसणारा 'इंडिया मार्क २' हापसा १९७०च्या दशकात सोलापूरला घडलेल्या पंपावरून विकसित झाला. गावातल्या माणसाला थोडक्या साधनांनी त्याची देखभाल करता यावी म्हणून त्याच्या हत्यारांत १७-१९चा दुतोंडी पाना असतो. त्या शाळेत आता तसा एक पाना गुरुजींच्या कपाटाशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. तो कोणाला उसना देण्यापूर्वी मुले विचारतात, "नट कितीचा आहे?"