मांड – लेखांक 14 : उडीत हात कुठे असावेत?

दोन दांडे एकमेकांवर तिरपे टेकवून केलेली फुली, या अडथळ्याचं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. सुरूचे दांडे सोलून, रंगवून पडवीत उभे आहेत, पण ते आणखी सात दिवस तिथेच राहू देत. मधल्या काळात दोन पत्रं आली आणि ती वाचल्यावर वाटलं, हा एक विषय मार्गी लावल्याशिवाय कुणाला उडीकडे नेऊ नये.

पहिलं पत्र मिरजेकडच्या एका वाचकाचं. त्यांच्या आजोबांच्या पेटीत एक जुनं छापील चित्र निघालं. गोरा अधिकारी घोड्यावरून कुंपण ओलांडतोय. घोडा वर गेलेला, स्वार पार मागे रेललेला, पाय ताठ पुढे, लगामाच्या मुठी छातीशी. पत्रात ते विचारतात, ‘तुम्ही पुढे झुका म्हणता, मग हा एवढा मोठा सरदार चुकला का? आणि आपल्याकडच्या जुन्या अश्वविद्येत यावर काही होतं का?’ दुसरं पत्र कुडाळच्या एका बाईंचं. त्यांची लेक रविवारी घोडेस्वारी शिकते. तिला दिलेला घोडा पाणीदार आहे, पण दांडा दिसला की सुसाट सुटतो. ‘रग आहे अंगात, लगाम आवळून धर’ एवढंच तिला सांगितलं जातं, आणि आवळलं की घोडा आणखी सुटतो.

माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. घोडा हवेत असताना स्वाराचे हात कुठे आहेत, यावर सगळं अवलंबून असतं.

आधी तोंड समजून घेऊ. खालचा ओठ अंगठ्यानं हळूच खाली करून पाहा. समोर सहा दात, मग साधारण चार बोटं मोकळी हिरडी, मग दाढा. नराला त्या मोकळ्या जागेत सुळे असतात, मादीला बहुधा नसतात. लगामाची कडी जिभेवर आणि या हिरडीवर बसते. हिरडीवरून बोट फिरवलंत की आतल्या हाडाची धार लागते. तिथे मांसाची गादी नाही. पातळ कातडं आणि त्याखाली लगेच हाड. स्वारानं झटका दिला तर तो सरळ त्या धारेवर बसतो.

माझी घोडी खानदेशातून आली तेव्हा तिच्या डाव्या हिरडीवर हरभऱ्याएवढी गाठ होती, अजूनही बोटाला लागते. ती काटेरी लगामाची खूण. आतल्या बाजूनं खिळे असलेली कडी घालून घोडा ‘काबूत’ ठेवायचा, मिरवणुकीत नाचवायचा, हा प्रकार अजून चालतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं 1965 साली नियम केले, त्यात काटेरी लगामाला सरळ मनाई आहे. इतकी वर्षं झाली तरी बाजारात अशा कड्या मिळतात, याची मला चीड येते. घोडा विकत घेणारा दात बघतो, खूर उचलतो, चाल बघतो. माझी कळकळीची विनंती आहे, हिरडीही बघा. मागच्या मालकाच्या हातांचा सगळा इतिहास तिथे असतो.

आता उडी. अडथळ्याकडे येताना घोडा डोकं जरा वर-खाली करतो, कारण त्याचे डोळे बाजूला असतात. कपाळाच्या नेमकं समोर आणि नाकाखाली त्याला दिसत नाही. शेवटच्या काही फुटांत दांडा त्याच्या नजरेतून जातो आणि तो आधी पाहिलेल्या अंदाजानं उडतो. म्हणजे आधी नीट पाहू देणं आलं. (रंगाचंही तसंच. घोड्याला निळा आणि पिवळा हे रंग ओळखता येतात, तांबडा-नारिंगी मात्र आसपासच्या हिरव्यात मिसळून जातो. एक्सेटर विद्यापीठातल्या अभ्यासानंतर इंग्लंडातल्या शर्यतींच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून पांढरा लावायला सुरुवात झाली. माझे दांडे पांढरे-निळे आहेत ते शोभेसाठी नव्हेत.) मग पुढचे पाय जमीन ढकलतात, मागचे पाय पोटाखाली येतात, अंग वर जातं, आणि अडथळ्याच्या माथ्यावर मान पुढे-खाली लांब होते. दोरीवरच्या डोंबाऱ्याला हातातली आडवी काठी, तशी घोड्याला मान. उतरताना आधी पुढचा एक पाय टेकतो, मग दुसरा, आणि मान पुन्हा वर येते.

मान लांब होते त्याच क्षणी स्वार मागे पडला, तर तोल सावरायला त्याच्या हाती एकच वस्तू असते, लगाम. त्याचं सगळं वजन त्या हिरडीवर लटकतं. असं चार-पाच वेळा झालं की घोड्याच्या डोक्यात पक्कं बसतं : दांडा आला की तोंडात कळ येते. मग कुणी दांड्याशी थांबतो, तर पाणीदार घोडा कळ लवकर संपावी म्हणून धावत सुटतो. कुडाळच्या बाईंनी लिहिलेली ‘रग’ बहुतेक वेळा ही असते. पळणारा घोडा उडीला उतावीळ झालाय असं वरून दिसतं, खरं म्हणजे तो तिला भ्यालेला असतो. लगाम आवळला की कळ दांड्याच्या आधीच सुरू होते, म्हणून तो आणखी पळतो.

मिरजेच्या चित्रातला सरदार त्याच्या काळाप्रमाणे बरोबरच बसला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या घोडदळांत मागे रेलणंच शिकवत. समजूत अशी की त्यामुळे उतरताना घोड्याच्या पुढच्या पायांवरचा भार हलका होतो. ही समजूत मोडून काढली इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्यानं. जन्म 1868, लिवोर्नो गावचा. घोडेस्वारीच्या सगळ्या इतिहासात मला सगळ्यांत जवळचा वाटणारा हा माणूस. त्यानं केलं काय, तर स्वाराशिवाय मोकळे उडणारे घोडे बारकाईनं पाहिले. त्याला दिसलं की स्वार असो-नसो, घोडा पुढच्या पायांवरच उतरतो, आणि मोकळा घोडा दर उडीत मान लांब करतो. मग त्यानं घोड्याला स्वारासारखं वागायला लावण्याऐवजी स्वारालाच घोड्याप्रमाणे बसायला शिकवलं. रिकिबी आखूड केल्या, बूड खोगिरावरून उचललं, भार गुडघ्यातून टाचेत उतरवला, अंग कमरेतून पुढे, आणि हात घोड्याच्या तोंडाबरोबर पुढे जाणारे. 1902 साली तुरीनला त्यानं 2.08 मीटर उंचीवरून घोडा काढला. पिनेरोलो आणि तोर दि क्विंतो इथल्या इटालियन शाळांत मग देशोदेशीचे अधिकारी ही बैठक शिकायला येऊ लागले. काप्रिल्ली 1907 मध्ये घोड्यावरून पडूनच गेला, तेही साध्या रपेटीत. आज जगभर उड्यांच्या मैदानात जी बैठक दिसते ती याच माणसाची.

आपल्याकडचं विचारलंत, तर मिरजेच्या वाचकांनी फार लांब जायचं कारण नाही. त्यांच्याच भागातल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे. गाण्याच्या ओढीनं ग्वाल्हेरला गेले, तिथे हद्दू खाँसाहेबांकडे गाणं आणि बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले. दोन्ही विद्या एकाच माणसात, आणि दोन्हींत मन लावून. पुढे कुरुंदवाड संस्थानच्या आश्रयानं त्यांनी 1880 च्या सुमाराला ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. चिआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचा खेळ मुंबईत पाहून ‘हे आपणही करू’ अशी ईर्ष्या त्यांच्या मनात उठली, अशी आठवण सांगतात. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ हे या सर्कशीबरोबर हिंडत आणि गात. घोडे आणि ख्याल एकाच तंबूत, हे चित्र मला फार मोहवतं.

छत्र्यांच्या सर्कशीचा पाया घोडे हाच होता. सर्कशीचं रिंगण 42 फूट व्यासाचं असतं. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्टलीनं पाठीवर उभं राहून कसरत करायला सोयीचं म्हणून ते ठरवलं आणि जगभर तेच रूढ झालं. त्या रिंगणात घोड्याला बागडोरीवर कावे फिरवतात, आणि मोकळा सोडून दांड्यावरूनही उडवतात. पाठीवर कुणी नाही, तोंडात कुणाचा हात नाही. सर्कशीतला मोकळा घोडा मान कशी टाकतो ते रिंगमास्तराला रोज दिसतं. काप्रिल्लीनं त्याच निरीक्षणातून स्वाराची बैठक काढली, एवढाच फरक. म्हणून मी शिकणाऱ्याला सांगतो, आपला घोडा आधी मोकळा उडताना पाहा. आपण बसल्यावर तो तसा उडत नसेल, तर काय बिघडलंय ते शोधायला घोड्याकडे न बघता आपल्याकडे बघायचं.

घोड्यातलं पाणी मारून त्याला गरीब करणं हा उपाय मला मान्य नाही. या पाण्याचं मोल जुने राजे जाणत, आणि त्यांतल्या विजयनगरची सत्ता आमच्याकडेही पोचली होती. आमच्या धामापूरच्या तळ्याचा बांध 1530 साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी घातला. त्या काळात गोव्याच्या बंदरात अरबी घोड्यांची गलबतं उतरत आणि मुख्य गिऱ्हाईक विजयनगरच. फेर्नांव नुनिश हा घोड्यांचा पोर्तुगीज व्यापारी विजयनगरात राहून गेला. त्याच्या बखरीत विजयनगरच्या राजा नरसिंहाबद्दल एक हकिगत आहे : घोडे वाटेत समुद्रात मेले तरी व्यापाऱ्यानं नुसतं शेपूट आणून दाखवायचं, राजा जिवंत घोड्याचे असावेत तसे पैसे मोजायचा. अरबी घोड्याच्या ज्या पाण्यासाठी राजे अशी किंमत देत, ते पाणी आपण लगामाच्या झटक्यांनी आटवायचं, हे मला पटत नाही.

दुसरं उदाहरण चिलीच्या उआसो घोड्याचं. शर्यतीसाठी आणलेला, तिथे चालला नाही. स्वभावानं तापट. कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल यांनी त्याला हळूहळू उंच उड्यांसाठी तयार केलं. 5 फेब्रुवारी 1949 रोजी व्हिन्या देल मार इथे तिसऱ्या प्रयत्नात या जोडीनं 2.47 मीटर उंची पार केली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या उडीचं छायाचित्र कुठे मिळालं तर फक्त कॅप्टनचे हात बघा. पुढे, घोड्याच्या मानेबरोबर गेलेले.

मग कुडाळच्या मुलीनं काय करायचं? आधी घोड्याचं बघायचं. दाढांच्या कडा धारदार झाल्यात का, हे पशुवैद्याला दाखवा. कानशीनं घासून त्या गुळगुळीत करता येतात. खोगीर पाठीच्या कण्यावर टेकतं का, तेही बघा. आठवडाभर तबेल्यात उभा, रोज भिजवलेला हरभरा भरपूर आणि काम फक्त रविवारी, असं असेल तर कुठलाही घोडा उधळेल. दाणा कमी, वैरण जास्त, रोज थोडी मोकळी चराई. आमच्याकडे दमट हवेत घोडे लवकर तापतात, काहींचा तर घामच बंद होतो. त्यावर एक अख्खा लेख लिहायचाय.

मग धडा. काळशाची एक मुलगी माझ्याकडे येते, तिच्यावर हीच पाळी आली होती. घोडीच्या गळ्याभोवती चामड्याचा एक साधा पट्टा बांधला आणि जमिनीवर एकच दांडा ठेवला, उडी नाहीच. दांडा दिसला तशी घोडी कान रोखून ओढायला लागली. मुलगी ओरडली, ‘‘काका, ही थांबना नाय!’’ मी म्हटलं, ‘‘ओढू नको गो. पट्टो धर, लगाम सैल सोड आणि वळय तिका.’’ पट्टा धरल्यामुळे तिचा हात मागे येऊ शकत नव्हता, तोंडाला झटका बसत नव्हता. दांड्याच्या अलीकडेच मोठा वळसा, पुन्हा दांड्याकडे, पुन्हा वळसा, मधेच कधी दांड्याशेजारी नुसतं उभं राहायचं. बऱ्याच वळशांनंतर घोडीनं नाकातून एक लांब फुरफुर केली, मान खाली टाकली आणि दांडा चालत ओलांडला. ओलांडताना तिनं मागचा खूर दांड्यावर ठोकला आणि वळून बघितलंसुद्धा नाही. धडा तिथेच थांबवून आम्ही तिला खरारा केला. पाणीदार घोड्याला ‘आणखी एकदा’ म्हणून थकवणं म्हणजे मिळवलेलं घालवणं.

तेव्हा पुढच्या आठवड्यापर्यंत ज्यांना शक्य असेल त्यांनी एवढं करावं. गळपट्टा बांधा, पट्टा नसेल तर मानेच्या मध्यावरची अयाळ मुठीत घ्या. रिकिबी दोन भोकं आखूड करा. दुडकीत बूड उचलून, टाच खाली दाबून, हात न हलवता मैदानाची एक पूर्ण फेरी उभं राहायचा सराव करा. ते जमलं की जमिनीवर तीन दांडे ठेवा. दोन दांड्यांत सुमारे 1.3 मीटर अंतर. घोडा लहान चणीचा असेल तर वीतभर कमी. त्यावरून दुडकीनं जायचं, नजर समोरच्या माडाच्या शेंड्यावर. तिसऱ्या दांड्यापासून पुढे 2.7 मीटर मोजून चुन्याची खूण करून ठेवा. फुली तिथे उभी करायची आहे.