दवबिंदूची घरगुती लागवड

खत हेंच जिचें विष, अशी वनस्पति आहे असें सांगितल्यास शेतकरी बंधूंस नवल वाटेल. दवबिंदू ही कीटकभक्षक वनस्पति तशीच आहे. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर व कोंकणांतील जांभ्याच्या सड्यांवर ती पावसाळ्यांत उगवते. तेथील मातीचा थर पातळ, व त्यांतील नत्र पावसानें धुऊन जातें. ही उणीव ती पानांनीं भरून काढते. पानांवरील तांबूस केसांच्या टोकांस चिकट थेंब असतात. किडा चिकटला कीं केस त्यावर वळतात, पाचक रस सुटतो व किड्यांतील नत्र पान शोषून घेतें. चार्लस डार्विन यांनीं याच कुळांतील एका विलायती जातीवर १८६० पासून प्रयोग केले व १८७५ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नत्रयुक्त द्रवाचा थेंब पानावर ठेवला असतां केस वळत. साखरेच्या अगर डिंकाच्या पाण्यानें वळत नसत.

जमिनीलगत चक्राकार पानें पसरणारी जात घरीं सहज होते. तीस शेतांतील माती मुळींच घालूं नये. नदीची जाड वाळू पुष्कळदां धुऊन तींत समभाग पीट मिसळावें. तें न मिळाल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा, खारेपणा जाईपर्यंत धुऊन, घ्यावा. साध्या मातीच्या कुंडींत क्षार सांचतात, म्हणून चिनी मातीची अगर प्लॅस्टिकची, बुडास भोंकें असलेली कुंडी बरी. बीं फार बारीक असतें. तें मृगाच्या सुमारास वर नुसतें भुरभुरावें, झांकूं नये, कारण रुजण्यास त्यास उजेड लागतो. कुंडी बोटभर पाणी असलेल्या ताटलींत, उन्हाच्या जागीं ठेवावी. विहिरीचें पाणी क्षारांमुळें बाधतें. पागोळ्यांचें पाणी सांठवून तेंच द्यावें.

शेणखत, पेंड, युरिया यांपैकीं कांहींही मुळांशीं गेल्यास रोप मरतें. मांसाचा तुकडा घातल्यास पान कुजतें. उघड्यावर ती आपलें भक्ष्य आपणच मिळविते. मात्र तीवर चिलटें, मुंग्या असे क्षुद्र किडेच सांपडतात. बागेची कीड ती आटोक्यांत आणील, ही आशा आम्हांस व्यर्थ वाटते. पावसाळ्याअखेर फुलून बीं धरल्यावर रोप वाळतें. तें बीं कागदाच्या पुडींत कोरडें ठेवून पुढील मृगांत पेरावें.

पहिलें बीं विश्वासू रोपवाटिकेंतूनच घ्यावें. कासच्या पठाराची २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणना झाली. तेथील रोपें उपटूं नयेत. बीं पडण्यापूर्वीं रोप उपटलें तर पुढील वर्षाचें पीकच बुडालें. ज्या बंधूंच्या मालकीचा सडा असेल त्यांनीं त्याचा एखादा पाणथळ कोपरा, भराव व खत न घालतां, तसाच राखावा, अशी आमची विनंती आहे.