कृत्तिकांचा पुंजका आणि पेरणीचा मुहूर्त

रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यात असतात. पण ही नक्षत्रे आकाशात दाखवा म्हटले, तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. कृषि पदवी घेईपर्यंत मीही त्यांतलाच होतो. कृत्तिका मात्र सहज सापडतात आणि त्यांच्याकडे पाहून पेरणीची वेळ ठरवणारे शेतकरी जगात आहेत.

डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. मृगाच्या पोटातील एका रेषेतले तीन तारे दिसतील. ती रेषा वर वाढवली की तांबूस रोहिणी लागते आणि आणखी वर गेल्यावर कृत्तिकांचा लहानसा पुंजका. त्याची रुंदी चंद्रबिंबाच्या साधारण दुप्पट. साध्या डोळ्यांना सहा तारे दिसतात. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या मातांची संख्याही सहाच सांगितली आहे. नजर तीक्ष्ण असेल तर सात-आठ मोजता येतात. प्रत्यक्षात तेथे हजाराहून अधिक तारे आहेत आणि त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षे लागतात. मोजण्यापूर्वी मळ्यातला दिवा बंद करून पंधरा-वीस मिनिटे अंधारात थांबावे. नजर थेट न रोखता किंचित बाजूला ठेवली, तर अंधूक तारे जास्त चांगले दिसतात.

आता दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हियाकडे वळू. तेथे अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर कोरडवाहू बटाटा घेतात. २४ जूनच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या ऐन हिवाळ्यात, शेतकरी पहाटे डोंगरावर जाऊन कृत्तिका पाहतात. पुंजका मोठा व तेजस्वी दिसला तर पाऊस वेळेवर येणार असे समजून ऑक्टोबरच्या सुमारास नेहमीप्रमाणे लागवड करतात. अंधूक दिसला तर लागवड चार ते सहा आठवडे लांबवतात. बटाट्याच्या मुळ्या उथळ असतात, त्यामुळे लागवडीनंतर ताण पडला तर पीक हातचे जाते.

ही अंधश्रद्धा समजून सोडून देता आली असती. पण ऑर्लोव्ह, चियांग आणि केन या शास्त्रज्ञांनी ढगांच्या, पावसाच्या व उत्पादनाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि २००० साली आपला निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रशांत महासागराचे पाणी तापते त्या एल निनोच्या वर्षी तेथे जूनमध्ये फार उंचावर विरळ ढगांचा थर वाढतो. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण अंधूक तारे झाकतो. त्याच वर्षी पुढे त्या पठारांवर पाऊस कमी पडतो. म्हणजे शेतकरी तारे मोजत होते आणि नकळत ढग मोजले जात होते.

मग आपणही असेच करावे काय? माझे मत स्पष्ट आहे : नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्यच कृत्तिकांजवळ असल्याने त्या दिसत नाहीत. जूनमध्ये पहाटे पूर्वेला उगवू लागतात तेव्हा आपले आकाश पावसाळी ढगांनी भरलेले असते. शिवाय एल निनो आणि आपला मोसमी पाऊस यांचे नाते तितके सरळ नाही. २००२, २००९ व २०१५ साली एल निनो होता आणि देशात पाऊस कमी पडला. पण १९९७ साली अतिशय तीव्र एल निनो असूनही पाऊस सरासरीइतका झाला.

नक्षत्राच्या तारखेवर पेरणे हे तर याहून धोक्याचे. सूर्याचा मृगप्रवेश हल्ली ७ किंवा ८ जूनला होतो. ही तारीख ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांपूर्वी मृग दोन आठवडे आधी लागत असे, पाऊस काही त्याच्यासाठी आधी येत नसावा! मी महाविद्यालयात असताना वडिलांनी मृगाच्या पहिल्या सरीवर सोयाबीन पेरले. नंतर अठरा दिवस थेंब नाही. दुबार पेरणीसाठी बियाणे उधारीवर आणले आणि ती उधारी फेडताना माझी वसतिगृहाची फी राहिली. म्हणून सांगतो, ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर, वापसा पाहूनच पेरा. गावात पर्जन्यमापक नसेल तर उभ्या भिंतींचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून साचलेले पाणी पट्टीने मोजले तरी अंदाज येतो.

कृत्तिकांचा आपल्याला खरा उपयोग रब्बीत होतो. डिसेंबर-जानेवारीत वारा पडलेला असेल आणि पुंजक्यातले सहाही तारे स्वच्छ दिसत असतील, तर आकाशात ढगांचे पांघरूण नाही असे समजावे. जमिनीची उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि पहाटे पारा एकदम उतरतो. निफाडसारख्या भागात द्राक्षबागायतदारांना हा अनुभव आहे. अशा रात्री बागेला विहिरीचे पाणी द्यावे. ते थंडीत हवेपेक्षा कोमट असते. पहाटे बागेत ठिकठिकाणी ओला पालापाचोळा पेटवून धूर करावा. उलट सलग दोन-तीन रात्री पुंजका पुसट दिसला किंवा दिसलाच नाही, तर ढगाळ हवामान आहे असे धरून द्राक्षावर केवडा, हरभऱ्यावर घाटेअळी यांसाठी सकाळीच पीक फिरून पाहावे. वहीत तारीख, दिसलेल्या ताऱ्यांची संख्या आणि पहाटेचे तापमान असे तीन रकाने आखा. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री मात्र सोडून द्या, चंद्रप्रकाशात मोजणी चुकते.