मित्राचे पिस्तूल : उसनवारी, ने-आण आणि भारतीय शस्त्र अधिनियम

प्रस्तावना

मित्राची मोटार मागून नेणे यात आपल्या समाजात कोणालाच वावगे वाटत नाही. मोटार मालकाच्या नावावर असली तरी चालविणाऱ्याजवळ चालक परवाना असला, विमा आणि नोंदणीची कागदपत्रे गाडीत असली, की कायद्याची गरज बहुतांशी भागते. याच सवयीने पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर यांच्याकडे पाहिले जाते. ‘परवाना आहेच ना त्याच्याकडे’ असे म्हणून एखादा मित्र दुसऱ्याचे शस्त्र दुरुस्तीला नेतो, दोन दिवस घरी ठेवतो किंवा प्रवासात स्वतःच्या बॅगेत ठेवून देतो. या कृतीमागे बहुधा दुष्ट हेतू नसतो. तथापि शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याच्या दृष्टीने मोटार आणि पिस्तूल यांच्यात मूलभूत भेद आहे. चालक परवाना माणसाला मिळतो आणि तो त्या वर्गातील कोणत्याही वाहनाला चालतो. शस्त्राचा परवाना विशिष्ट व्यक्तीला, त्यात क्रमांकासह नोंदलेल्या विशिष्ट शस्त्रासाठी मिळतो. शस्त्र हात बदलते तेव्हा परवाना त्याच्याबरोबर जात नाही. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अत्यंत सभ्य माणसेही किमान दोन वर्षांच्या कारावासाच्या तरतुदीखाली येऊ शकतात. प्रस्तुत लेखात या तरतुदींचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. हा वर्णभेद राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांत टीकेचा विषय झाला होता. महाराष्ट्राच्या इतिहासात दुसऱ्याच्या हाती पाठविलेल्या पिस्तुलांचा सर्वात गाजलेला प्रसंग याच कायद्याच्या अमलातील आहे. लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने १९०९ मध्ये पेटीच्या दुहेरी तळात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला आणली आणि त्यांपैकी एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध झाला. स्वातंत्र्यानंतर वर्णभेद गेला, परंतु परवान्याचे तत्त्व कायम राहिले. १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा शस्त्र नियम, २०१६ यांनी घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कठोर केल्या, एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली.

व्याख्यांमध्ये दडलेले उत्तर

उसनवारीसंबंधी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण नाही. त्यामुळे वरवर वाचणाऱ्यास असे वाटते की कायदा खरेदी-विक्रीपुरताच बोलतो. प्रत्यक्षात उत्तर कलम २ मधील व्याख्यांत आहे. ‘संपादन’ या संज्ञेत भाड्याने घेणे, उसने घेणे आणि भेट म्हणून स्वीकारणे यांचा समावेश होतो. ‘हस्तांतरण’ या संज्ञेत भाड्याने देणे, उसने देणे, देऊन टाकणे आणि ताबा सोडणे हे सर्व येते. म्हणजे मित्राकडून एका रात्रीसाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर आणि दुकानातून विकत घेतलेले रिव्हॉल्व्हर यांत घेणाऱ्यापुरता कायद्याच्या लेखी फरक राहत नाही. कलम ३ प्रमाणे परवान्यावाचून अग्निशस्त्र वा दारूगोळा संपादन करणे, ताब्यात ठेवणे व वाहून नेणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. काडतुसांचाही यात स्वतंत्र उल्लेख आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पिस्तूल मालकाकडे आणि काडतुसांची पेटी मित्राच्या खिशात, अशी वाटणी केल्याने मित्र सुटत नाही.

कलम ३ चे परंतुक : एकमेव अरुंद वाट

याच कलमाला जोडलेले परंतुक या विषयाचा गाभा आहे. स्वतः परवानाधारक नसलेली व्यक्ती परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा त्याच्या लेखी प्राधिकारान्वये, अग्निशस्त्र वा दारूगोळा वाहून नेऊ शकते. मात्र त्यासाठी तीनच प्रयोजने सांगितली आहेत : शस्त्राची दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण आणि खुद्द त्या परवानाधारकाने करावयाचा वापर.

या वाक्यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. पहिली गोष्ट, सवलत ‘वाहून नेण्या’ची आहे, संपादनाची किंवा ताब्याची नाही. दुरुस्तीसाठी नेलेले पिस्तूल कारागिराकडे पोहोचविणे हे परंतुकात बसते. तेच पिस्तूल ‘सोमवारी नेऊ’ म्हणून आठवडाभर स्वतःच्या कपाटात ठेवले तर ती वाहतूक न राहता ताबा होण्याचा संभव आहे. दुसरी गोष्ट, मालक सोबत नसेल तर प्राधिकार लेखी हवा. दूरध्वनीवरून मालकाने ‘होय, मीच दिले आहे’ असे सांगणे पुरेसे नाही. चिठ्ठीत शस्त्राचा प्रकार व क्रमांक, परवान्याचा तपशील, प्रयोजन, दिनांक आणि मालकाची सही असावी, हे व्यवहारतः शहाणपणाचे. सोबत परवान्याची प्रत असणेही इष्ट, कारण कलम १९ नुसार पोलीस अधिकारी शस्त्र बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो आणि तो वा अन्य अधिकार दाखविता न आल्यास शस्त्र जप्त करू शकतो. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, वापर ‘त्या धारकाने’ करावयाचा आहे. मालक शेतावर आहे आणि मित्र त्याचे शस्त्र त्याच्याकडे पोहोचवितो, हे चालेल. मित्राला स्वतःच्या संरक्षणासाठी, सावजासाठी किंवा निव्वळ हौसेसाठी शस्त्र हवे असेल, तर मालकाची कितीही सविस्तर चिठ्ठी निरुपयोगी आहे. स्वतःजवळ नसलेला अधिकार मालक देऊ शकत नाही.

मित्रही परवानाधारक असेल तर?

येथे अनेक सुशिक्षितांची गल्लत होते. दोघांकडेही परवाने आहेत, म्हणून शस्त्रांची अदलाबदल करण्यास हरकत नाही, असा समज रूढ आहे. कलम ५ च्या पोटकलम (२) नुसार खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र, ते बाळगण्यास हक्कदार असलेल्या व्यक्तीला विकता वा हस्तांतरित करता येते. परंतु त्यापूर्वी जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याचा अंमलदार यांना उद्देश लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. हस्तांतरणाच्या व्याख्येत उसने देणे येत असल्याने ही अट उसनवारीलाही लागू होते. संध्याकाळी मागितलेले रिव्हॉल्व्हर दीड महिन्यानंतर मिळणार असेल, तर व्यवहारात त्याला उसनवारी म्हणणे कठीणच. शिवाय घेणाऱ्याच्या परवान्यावर त्या शस्त्राची नोंद आणि दोन शस्त्रांची मर्यादा हे प्रश्न उरतातच. .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना असलेल्याला ९ मिमी पिस्तूल घेता येत नाही. तो बोअर सामान्य नागरिकांसाठी प्रतिषिद्ध वर्गात मोडतो आणि तेथे कलम ७ व त्याखालील अधिक कठोर शिक्षा लागू होते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून किंवा चित्रपटांतून येणाऱ्या कल्पना या ठिकाणी विशेष दिशाभूल करतात. तेथील संघीय कायदा परराज्यातील रहिवाशालाही कायदेशीर खेळासाठी अग्निशस्त्र तात्पुरते उसने देण्यास मुभा देतो. १९८६ च्या एका अधिनियमाने गोळ्या काढलेले आणि सहज हाती न लागेल असे ठेवलेले शस्त्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्या प्रवाशाला, दोन्ही ठिकाणी ते बाळगणे त्याच्यासाठी वैध असल्यास, संरक्षण दिले आहे. तेथेही न्यूयॉर्कसारखी राज्ये परवान्याबाबत कडक आहेत. भारतात मात्र आरंभबिंदूच उलटा आहे : मनाई हा नियम आणि परवानगी हा अपवाद.

ताबा म्हणजे काय?

मित्राच्या मोटारीतून प्रवास करताना हातमोज्यांच्या कप्प्यात त्याचे पिस्तूल आहे. तो पेट्रोल पंपावर उतरतो आणि दुसरा गाडी पुढे नेतो. अशा वेळी शस्त्र कोणाच्या ताब्यात? गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताब्याचे दोन घटक सांगितले. पहिला, शस्त्र आपल्याजवळ असल्याची जाणीव. दुसरा, शस्त्र प्रत्यक्ष हातात नसले तरी त्यावर सत्ता वा नियंत्रण. या तत्त्वाची धार दोन्ही बाजूंनी आहे. शस्त्र दुसऱ्याकडे सोपविणारा मालक नियंत्रण राखून असेल तर जबाबदारीतून मोकळा होत नाही, आणि नकळत दुसऱ्याचे शस्त्र वाहणारा मनुष्य केवळ तेवढ्याने गुन्हेगार ठरत नाही. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात संविधान पीठानेही टाडा कायद्यातील ‘ताबा’ हा जाणीवपूर्वक ताबा असल्याचे स्पष्ट केले. त्याच आरोपीची शस्त्र अधिनियमाखालील दोषसिद्धी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवून शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली, हे येथे नोंदविणे उचित होय. विमानतळावर बॅगेच्या तळाशी एखादे विसरलेले काडतूस सापडल्याच्या अनेक प्रकरणांत उच्च न्यायालयांनी जाणिवेच्या अभावी कारवाई रद्द केली आहे. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ही बाब विसरता येत नाही.

जाणीव असेल तर मात्र कलम ३५ आडवे येते. संयुक्त ताब्यातील घर, वाहन वा अन्य ठिकाणी गुन्ह्याशी संबंधित शस्त्र सापडल्यास, ज्याला त्याची माहिती होती असे मानण्यास कारण आहे, अशी प्रत्येक व्यक्ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत जबाबदार धरली जाते.

शिक्षा

विनापरवाना अग्निशस्त्र संपादन करणे, बाळगणे वा नेणे यासाठी २०१९ पासून किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास व दंड आहे. पुरेशी व विशेष कारणे निर्णयात नोंदवून न्यायालय किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते. कलम ३ खालील गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी आवश्यक आहे. ही तांत्रिक वाटणारी अट कित्येक खटल्यांत निर्णायक ठरते. देणारा मित्रही सुरक्षित नाही. घेणारा हक्कदार आहे की नाही याची खातरजमा न करता शस्त्र सोपविणे हा कलम २९ खाली गुन्हा आहे. कलम ५ चा भंग करून केलेले हस्तांतरण मानले गेल्यास शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. एकवीस वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत कलम ९ ची स्वतंत्र मनाई आहे. वरातीत मित्राच्या हाती पिस्तूल देऊन हवेत गोळ्या झाडण्याची जी बेपर्वा हौस आहे, तिच्यासाठी २०१९ मध्ये वेगळी तरतूद आली : दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

क्रीडा क्षेत्र आणि सुरक्षित पर्याय

कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविल्यानंतर महाराष्ट्रात या खेळाकडे तरुणांचा ओढा वाढणे स्वाभाविक होते. नवशिक्याजवळ स्वतःचे शस्त्र नसते आणि ‘दादांचे पिस्तूल घेऊन सराव करतो’ असा मार्ग त्याला सोपा वाटतो. त्याने परवानाप्राप्त नेमबाजी क्लबमध्ये, क्लबच्या शस्त्रांवर, देखरेखीखाली सराव करणे हाच वैध मार्ग आहे. २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा व .१७७ पर्यंतचा बोअर असलेल्या हवाई पिस्तुलाला परवाना लागत नसल्याने आरंभीचे शिक्षण त्यावर होऊ शकते. परगावी वा परदेशी जाणाऱ्या धारकाने शस्त्र मित्राच्या घरी न ठेवता परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे वा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. विमानप्रवासात शस्त्र धारकानेच, गोळ्या काढून, विमान कंपनीला आगाऊ सांगून नोंदणीकृत सामानातून न्यावयाचे असते. सहप्रवासी मित्राच्या बॅगेत ते ठेवणे म्हणजे वरील सर्व अडचणी एकत्र ओढवून घेणे. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश अमलात आहे काय, हेही निघण्यापूर्वी पाहावे लागते.

महाविद्यालयांच्या संदर्भात एका अटीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक आहे. परवान्याच्या अटींनुसार धारकाने स्वतःचे वैध शस्त्रही जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेता कामा नये. अटीचा भंग हा कलम ३० खाली गुन्हा आहे. एखाद्या सहकाऱ्याने तास संपेपर्यंत पिस्तुलाची पिशवी प्राध्यापक कक्षातील कपाटात ठेवण्यास सांगितली, तर त्याने अट मोडलेली असते आणि कपाटाची किल्ली खिशात घालणारा परवान्याशिवाय, जाणीवपूर्वक, शस्त्रावर नियंत्रण मिळवितो. कलम ३६ प्रमाणे या अधिनियमाखालील गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने वाजवी सबब नसल्यास ती नजीकच्या पोलीस ठाण्याला वा दंडाधिकाऱ्याला देणे बंधनकारक आहे. अशा वेळी पिशवी हातात न घेता सहकाऱ्याला ती घेऊन तत्काळ आवाराबाहेर जाण्यास सांगणे आणि प्राचार्यांना लेखी कळविणे हे पहिले पाऊल ठरते.