उतारा वाचला, पण उमजला का?

लग्नामुळे, घरच्या अडचणीमुळे किंवा लवकर कामाला लागावे लागल्यामुळे ज्यांचे शिक्षण मधेच थांबले, असे कितीतरी भाऊ-बहिणी आज पुन्हा पुस्तक हाती घेत आहेत. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. घर, दुकान, नोकरी सांभाळून पदवी घेण्याची वाट त्यामुळे खुली झाली. आपल्या समाजातल्या तिशी-चाळिशीतल्या भगिनीही या वाटेने जात आहेत, ही अल्लाहची मेहेरबानी.

पण या वाटेवर एक उंबरठा असा आहे की तिथे पुष्कळांचा पाय अडतो. इतिहास निघतो, समाजशास्त्र निघते, मराठी किंवा उर्दू तर चांगल्या गुणांनी निघते. मागे राहतो तो इंग्रजीचा पेपर, आणि त्यातही न पाहिलेला उतारा वाचून त्याखालच्या प्रश्नांची उत्तरे लिहिण्याचा भाग. एका विषयापायी अख्खी पदवी लटकते. मग घरात कोणीतरी म्हणते, “आता या वयात कशाला?” आणि पुस्तके पुन्हा माळ्यावर जातात. हे थांबावे, म्हणून हा लेख.

वाचता येणे आणि उमजणे

प्रौढ विद्यार्थ्यांबरोबर उतारे वाचताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. उतारा मोठ्याने वाचायला सांगितला तर बहुतेक जण वाचतात. उच्चार थोडे इकडेतिकडे होतात, पण गाडी अडत नाही. वाचून झाल्यावर “यात काय सांगितले आहे?” असे विचारले की मात्र शांतता पसरते.

हा फरक आपल्या घरांना वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडे मूल मक्तबात जाते, नाजरा पूर्ण करते, कुरआन शरीफ अस्खलित वाचू लागते. अर्थ जाणायचा तर त्याला तर्जुमा आणि तफसीर यांच्याकडे वळावे लागते. तिलावतीचे स्वतःचे सवाब आहे, तिची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही वाचनाशी करायची नाही. परीक्षेतल्या उताऱ्याला मात्र नुसत्या आवाजाचे मोल नाही. तिथे सारे मोल अर्थाचे. म्हणून इंग्रजीच्या तयारीत पहिला बदल हा करावा: उतारा घरी मोठ्याने घोकू नये, मनात वाचावा आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून स्वतःला आपल्या भाषेत सांगावे की आतापर्यंत काय झाले.

परकी भाषा वाचायला शिकणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. हजरत झैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली, कारण आलेली पत्रे वाचायची होती आणि त्यांना उत्तरे लिहायची होती. सुमारे पंधरा दिवसांत त्यांनी ती शिकून घेतल्याचे हदीसमध्ये आले आहे. त्या शिकण्यामागे गरज होती, आणि भरवसाही: पत्रातला मजकूर आपल्या माणसाने स्वतः समजून घ्यावा.

अर्थ कुठे निसटतो?

शब्द माहीत असूनही अर्थ चुकतो, याचे मोठे कारण वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. उर्दूतही तसेच. त्यामुळे वाक्य संपताना जे क्रियापद भेटेल तेच खरे, अशी आपल्या डोळ्यांना सवय असते. इंग्रजीत मुख्य क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येते आणि शेपटीला दुसरेच काहीतरी लटकलेले असते. हे वाक्य पाहा: “द ओनर केप्ट द डिपॉझिट ही हॅड प्रॉमिस्ड टू रिटर्न.” घाईत वाचणारा शेवटचे ‘रिटर्न’ धरतो आणि सांगतो, मालकाने डिपॉझिट परत केले. प्रत्यक्षात अर्थ उलटा आहे. जे डिपॉझिट परत करण्याचे त्याने कबूल केले होते, ते त्याने ठेवून घेतले. म्हणून लांब वाक्य आले की आधी दोनच गोष्टी शोधाव्यात: कोण, आणि त्याने काय केले. त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. बाकीचे शब्द नंतर जोडावेत.

दुसरी निसटण्याची जागा म्हणजे जोडशब्द. ‘ऑलदो’, ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ हे शब्द दिसायला किरकोळ, पण वाक्याचा मोहरा तेच वळवतात. “द फी विल नॉट बी रिफंडेड अनलेस यू अप्लाय बिफोर द थर्टिएथ.” यातला ‘अनलेस’ सुटला तर वाचणारा समजतो की फी मिळणारच नाही, आणि गप्प बसतो. खरे तर तीस तारखेच्या आत अर्ज केला तर फी परत मिळण्याची वाट उघडी आहे. असे दहा-बारा शब्द वहीच्या पहिल्या पानावर मराठी अर्थासह लिहून ठेवावेत आणि उताऱ्यात दिसले की त्यांना गोल करावा.

तिसरी जागा सर्वनामांची. ‘इट’, ‘दे’, ‘धिस’ हे शब्द मागच्या कोणत्या नावाबद्दल आले आहेत, ते बाण काढून दाखवावे. मराठीत ‘तो, ती, ते’मुळे जी मदत मिळते ती इंग्रजीत ‘इट’मधून मिळत नाही. पाण्याची टाकी, तिचे झाकण आणि नळ या तिन्हींसाठी तो एकच शब्द येऊ शकतो.

प्रश्न काय विचारतो?

उताऱ्याखालचे प्रश्न साधारण चार जातींचे असतात. पहिल्या जातीचे उत्तर उताऱ्यात सरळ सापडते: कधी, कुठे, कोणी, किती. दुसऱ्या जातीत एखाद्या शब्दाचा त्या जागी लागणारा अर्थ विचारतात. तिथे शब्दकोशातला पहिला अर्थ लिहून भागत नाही, आजूबाजूचे वाक्य पाहावे लागते. तिसऱ्या जातीत शीर्षक किंवा सारांश मागतात. म्हणजे संपूर्ण उतारा एका ओळीत कशाबद्दल आहे, हे सांगायचे.

चौथी जात लोकांना सर्वांत अवघड वाटते, कारण उत्तर उताऱ्यात लिहिलेले नसते. समजा उताऱ्यात एवढेच आहे की एक बाई रोज पहाटे अंधारात पंपावर जाते, रांगेत उभी राहते आणि परतते तेव्हा तिची बादली अर्धीच भरलेली असते. प्रश्न येतो: या गावाची अडचण कोणती? ‘पाणीटंचाई’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. अठरा वर्षांचा विद्यार्थी तो शब्द शोधत बसेल. जिने स्वतः हंडे वाहिले आहेत, रेशनच्या रांगेत दिवस घालवला आहे, तिला उत्तर लगेच कळते. प्रौढ विद्यार्थ्याचे हे भांडवल आहे. घरखर्च, आजारपण, भांडणे, समेट, सारे पाहिलेला माणूस ओळींमधले न लिहिलेले लवकर ओळखतो. फक्त “उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवरून मी हे म्हणते?” एवढे विचारायची सवय लावायची, म्हणजे उत्तर अंदाजपंचे राहत नाही.

आणखी एक सूचना. विचारलेल्या प्रश्नासाठी उताऱ्यातल्या तीन-चार ओळी जशाच्या तशा उतरवून काढू नयेत. ‘व्हाय’ विचारले असेल तर उत्तरात कारण हवे, ‘हाऊ’ विचारले असेल तर रीत हवी. प्रश्नात ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ असेल तर त्याखाली आधी रेघ मारावी. कित्येकांचे गुण तेवढ्यानेच जातात.

रोजची वीस मिनिटे

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली अभ्यासाची एक पाच पायऱ्यांची रीत मांडली: आधी मजकुरावर नजर फिरवणे, मग प्रश्न मनात धरणे, मग वाचणे, वाचलेले स्वतःशी सांगणे आणि शेवटी उजळणी. परीक्षेच्या उताऱ्यालाही ती चांगली लागू पडते. शीर्षक आणि पहिले-शेवटचे वाक्य पाहावे, खालचे प्रश्न वाचावेत, मगच उताऱ्यात शिरावे. काय शोधायचे ते ठाऊक असले की डोळे भरकटत नाहीत.

उतारा निवडताना घाई नको. इंग्रजी शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली केलेल्या पाहणीत असे दिसले की कथेसारखा मजकूर कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणून सरावासाठी सोपे वाचन घ्यावे. घरात मुलांची बालभारतीची सहावी-सातवीची इंग्रजी पुस्तके असतातच. तिथून सुरुवात करावी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी एकेक इयत्ता वर चढावे. सोबत आठवड्यातून एकदा आपल्या विद्यापीठाची जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. अनोळखी शब्द आला की लगेच मोबाइल उघडू नये. वाक्य पुरे करावे, अर्थाचा अंदाज बांधावा, मग पडताळून पाहावा. असा स्वतः शोधलेला शब्द टिकतो.

वेळ फजरनंतरची असो वा इशानंतरची, ती रोज तीच असावी. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक पदरात पाडतात.

पदवीच्या पलीकडे

इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट शंभर वर्षांपूर्वी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होते. बंगालमधली पुष्कळ मुले शाळा मधेच सोडतात, हे त्यांनी पाहिले. तेव्हा त्यांनी विचारले की शिक्षण अर्ध्यावर सुटले तरी मुलाच्या हाती काय उरेल? त्यांचे उत्तर होते: समजून वाचण्याची ताकद. म्हणून बोलण्याच्या आधी वाचन पक्के करा, असे ते सांगत.

आपल्या घरांत या गोष्टीचे मोल रोज दिसते. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतली माणसे आखातात आहेत. नोकरीचा करार येतो, बँकेचे पत्र येते, दवाखान्याचे कागद येतात, आणि बरेचदा ते इंग्रजीत असतात. सही आपली, पण वाचणारा एजंट किंवा शेजारचा मुलगा. कागदात लिहिलेले आणि आपल्याला सांगितलेले एकच आहे की नाही, हे तपासण्याचे साधन घरात असले तर केवढा आधार होतो. परीक्षेसाठी ‘अनलेस’ला गोल करणारी बाई उद्या करारातल्या ‘अनलेस’पाशीही थांबेल.

यात घरच्यांचाही वाटा आहे. अम्मी अभ्यासाला बसली की त्या वीस मिनिटांत दाराची बेल कोण पाहणार, चहा कोण टाकणार, हे आधीच ठरवावे. पतीने किंवा दीर-नणंदेने उतारा वाचून दोन प्रश्न विचारले तर सराव दुप्पट होतो. शाळेत जाणाऱ्या मुलीने आईचे उत्तर तपासले तर त्यात आईला कमीपणा नाही. इल्म लहानाकडूनही घेता येते.

अर्ज भरला आहे, पुस्तके आली आहेत, परीक्षेला अजून काही महिने आहेत, असे ज्यांचे असेल त्यांनी उद्याची वाट पाहू नये. मुलांच्या दप्तरातून इंग्रजीचे पुस्तक काढावे, एक पान मनात वाचावे आणि ते मिटून घरातल्या कोणालातरी सांगावे की त्यात काय होते. सांगता आले तर उद्या पुढचे पान घ्यावे. सांगता आले नाही तर तेच पान पुन्हा, या वेळी पेन्सिल हाती घेऊन. अल्लाह सर्वांना यश देवो.